डेडस्टॉक रजिस्टरात न मावणारी वस्तू

सरकारी कार्यालयात नवा लॅपटॉप आला की त्याची पहिली नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते. खुर्च्या, लोखंडी कपाटे, भिंतीवरचे घड्याळ आणि पाण्याचा कूलर यांच्या पंगतीत त्यालाही एक क्रमांक मिळतो. तो पांढऱ्या रंगाने त्याच्या पाठीवर लिहिला जातो, आणि किंमत, पुरवठादार, देयक, दिनांक असे रकाने भरले जातात. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार अशा वस्तूंची वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी व्हावी लागते, आणि ती होतेही. पडताळणीला आलेला कर्मचारी लॅपटॉप उलटा करतो, पाठीवरचा क्रमांक वाचतो, रजिस्टरात खूण करतो आणि पुढच्या खुर्चीकडे वळतो. लॅपटॉप सुरू करून पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. परिणामी पन्नास-साठ हजारांचे खोके दरवर्षी मोजले जाते, आणि त्याच्या पोटात साठलेले दोन-तीन वर्षांचे शासकीय काम मात्र कोणीच मोजत नाही.

एखाद्या अधिकाऱ्याच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बिघडू लागली की आपण ती घटना 'मशीन खराब झाले' या सदरात टाकतो. माझ्या मते ही वर्गवारीच चुकीची आहे. अभिलेख कक्षाला वाळवी लागली, तर आपण 'कपाट खराब झाले' असे म्हणत नाही. हार्ड डिस्कचा बिघाड हा अभिलेखांचा प्रश्न आहे, आणि तो हाताळण्याची जबाबदारी संगणक दुरुस्त करणाऱ्यावर येण्याआधी अभिलेख सांभाळणाऱ्यावर आली पाहिजे. आज अशी जबाबदारी असलेला माणूस बहुतेक कार्यालयांत अस्तित्वातच नाही.

हे केवळ तात्त्विक बोलणे नव्हे. माझी नोकरी महाराष्ट्राबाहेरच्या केडरमध्ये झाली. २०१५ च्या सुमारास अशाच एका जिल्ह्यात एका प्रकल्पाच्या पुनर्वसनाचे काम चालू होते. बाधित कुटुंबांची यादी तयार करण्याचे काम उपविभागीय स्तरावर सोपवलेले होते. २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याने सज्ञान व्यक्तीला, मग ती स्त्री असो वा पुरुष, विवाहित असो वा अविवाहित, स्वतंत्र कुटुंब मानले आहे. म्हणजे घरातला मुलगा सतरा वर्षांचा की अठरा, एवढ्या एका नोंदीवर त्या घराला एक पुनर्वसन मिळणार की दोन, हे ठरते. सर्वेक्षणात वये अंदाजाने लिहिली जातात, म्हणून त्यावर हरकती येतात, सुनावण्या होतात, शाळेचे दाखले तपासले जातात आणि नोंदी दुरुस्त होतात. या साऱ्या दुरुस्त्या सुनावणी चालू असतानाच लॅपटॉपवरील तक्त्यात थेट भरल्या गेल्या होत्या. कागदावरच्या कार्यवृत्तात उरले होते एवढेच वाक्य: 'पक्षकारास ऐकले. यादीत आवश्यक ती दुरुस्ती करण्यात आली.'

त्या लॅपटॉपने पूर्वसूचना दिली नाही असे नाही. आधी तो सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे घेऊ लागला. मग तक्ता उघडताना मध्येच गोठू लागला. मग आतून, घड्याळाचा काटा अडकावा तसा, टक् टक् आवाज येऊ लागला. कार्यालयाने त्याचे निदान 'उन्हाळा' असे केले आणि त्याच्यासमोर टेबलफॅन ठेवला. पुढे कोणा जाणकाराच्या सल्ल्यावरून रात्रभर डिस्कची तपासणी चालवण्यात आली, आणि सकाळी फोल्डरच्या जागी निरर्थक नावांचे तुकडे दिसू लागले. मग बडे बाबूंनी (आपल्याकडच्या अव्वल कारकुनाचे हे उत्तरेकडील रूप) लॅपटॉप बाजारातल्या दुकानात धाडला. दुकानदाराने त्याच्या परीने प्रामाणिक काम केले. डिस्क फॉरमॅट केली, विंडोज नव्याने घातले, तीनशे रुपयांची पावती दिली आणि सांगितले, "साहब, अब नया जैसा हो गया."

तो खरोखरच नव्यासारखा झाला होता. म्हणजे कोरा!

मूळ सर्वेक्षणाची प्रपत्रे कपाटात होती, त्यामुळे यादी पुन्हा टंकित करता आली. काही पाने एका कनिष्ठ लिपिकाच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवर सापडली. (भारतीय प्रशासनाची खरी बॅकअप व्यवस्था व्हॉट्सॲप आहे, हे गमतीने बोलले जाते, पण त्यात तथ्य आहे.) सुनावणीतल्या दुरुस्त्यांचे मात्र काहीच करता आले नाही. त्या कुटुंबांना पुन्हा नोटिसा गेल्या. तोवर त्यांतली काही वीटभट्ट्यांवर कामाला दुसऱ्या जिल्ह्यांत गेली होती. जे आले त्यांनी तोच शाळेचा दाखला पुन्हा दाखवला, आणि जे वेळेत येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा नोटीस काढावी लागली. एका वृद्ध गृहस्थाने विचारले की, गेल्या खेपेस साहेबांनी माझ्यासमोर 'हो' म्हटले होते, ते 'हो' गेले कुठे? या प्रश्नाला रजिस्टरात उत्तर नव्हते. लॅपटॉप तर जागेवरच होता, क्रमांकासह.

या घटनेत घडलेले जवळजवळ सारेच टाळता येण्यासारखे होते, म्हणून डिस्क बिघडते म्हणजे नेमके काय होते ते थोडे सांगतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरत असतात. त्यांच्यावर वाचणारे-लिहिणारे हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस त्याहून हजारो पटींनी जाड असतो. हेड थकले, चकतीला ओरखडा गेला, की एखादा सेक्टर वाचता येईनासा होतो. डिस्क आपल्या परीने तो सेक्टर बाद करून राखीव जागेतला दुसरा वापरात घेते आणि याची नोंद स्वतःकडेच ठेवते. 'स्मार्ट' नावाची ही नोंदपद्धती जवळजवळ प्रत्येक डिस्कमध्ये असते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्ससारख्या मोफत साधनांनी ती दोन मिनिटांत वाचता येते. त्यात बदललेल्या सेक्टरांची आणि वाचण्यासाठी अडून राहिलेल्या सेक्टरांची संख्या पाहावी. ती शून्याहून वर सरकून वाढू लागली असेल तर घाई करावी.

२००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यात दिसले. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी अशा प्रमुख चिन्हांपैकी एकही दाखवले नव्हते. म्हणजे लक्षण दिसले तर आपले नशीब समजावे. लक्षण नाही म्हणून निर्धास्त राहणे हे प्रशासनालाही शोभत नाही आणि घरालाही.

लक्षण दिसल्यावर पहिला नियम असा, की त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. वर सांगितलेली रात्रभराची तपासणी, म्हणजे विंडोजमधील चेकडिस्क, ही निरोगी डिस्कवरची विस्कटलेली अनुक्रमणिका नीट करण्यासाठी आहे. ती मरणाऱ्या डिस्कला वाचवत नाही. उलट तिला तासन्तास राबवते आणि दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर लिहिते. डीफ्रॅगमेंटेशनचेही तसेच. पुनःपुन्हा बंद-चालू करणे, हाताने ठोकणे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवणे, हे उपाय ऐकायला सुरस असतात. ते करू नयेत. डिस्क अजून उघडत असेल तर आधी ज्या फायली दुसरीकडे कुठेही नाहीत त्या बाहेर काढाव्यात. चित्रपट, गाणी आणि परिपत्रकांच्या पीडीएफ प्रती यांना थांबू द्यावे. उघडत नसेल, किंवा अडखळत असेल, तर लॅपटॉप बंद करावा, डिस्क काढून जाणकाराकडून दुसऱ्या यंत्राला जोडावी आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा उतरवून घ्यावी. नंतरची सारी शोधाशोध त्या प्रतिमेवर करावी, मूळ डिस्कवर नव्हे. डीडीरेस्क्यू नावाचे एक मुक्त साधन हे काम फार शहाणपणाने करते. सहज वाचता येणारे भाग ते आधी उचलते, अडलेले भाग बाजूला टिपून ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. पुराच्या वेळी बोट कुठे आधी पाठवायची याचा निर्णय घेतलेल्या कोणाही अधिकाऱ्याला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

टक् टक् आवाज मात्र हेड निकामी झाल्याची खूण असू शकते, आणि तिथे घरगुती उपाय संपतात. डिस्क धूळविरहित प्रयोगशाळेतच उघडावी लागते. तसल्याच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून लावण्याची जुनी युक्तीही आता सहसा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या बोर्डावर तिच्यापुरती खास माहिती साठवलेली असते.

आता नव्या लॅपटॉपमध्ये फिरत्या चकत्यांऐवजी एसएसडी आली आहे, त्यामुळे हा प्रश्न मिटला, असे मला अनेक जण सांगतात. मला ते पटत नाही. एसएसडी धक्क्याने बिघडत नाही हे खरे, परंतु ती आवाजही करत नाही. काल संध्याकाळपर्यंत चालत होती आणि आज सकाळी लॅपटॉपला ती दिसतच नाही, असा तिचा स्वभाव. पुसलेली फाईल जुन्या डिस्कवर बराच काळ शोधता येई, तर एसएसडी रिकाम्या जागा स्वतःच साफ करत असल्याने तेही दार बंद होते. शिवाय विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर डिस्कचे कूटलेखन बहुधा आपोआप चालू होते, आणि त्याची किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला त्या खात्यात जमा होते. चोरीच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे. पण कार्यालयाचा लॅपटॉप सुरू करताना ज्या साहेबांचे खासगी खाते वापरले गेले, त्यांची बदली होऊन चार वर्षे झाली असतील तर? कपाटाची किल्ली बदलीबरोबर घरी नेणाऱ्या अधिकाऱ्याकडून आपण खुलासा मागवू. या किल्लीबद्दल कोणी विचारतही नाही.

कायदा याबाबत मुका नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम, जो केंद्र शासन आणि त्याच्या अखत्यारीतील संस्थांना लागू आहे, 'संगणकाने निर्माण केलेले साहित्य' सार्वजनिक अभिलेखाच्या व्याख्येत स्पष्टपणे घालतो आणि प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावा असे सांगतो. लक्षात घ्या, त्या काळी जिल्हा कार्यालयात संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीत चपला काढून बघण्याची वस्तू होती. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७ इलेक्ट्रॉनिक अभिलेख नंतरच्या संदर्भासाठी वापरता येईल अशा रीतीने जतन करण्याची अट घालते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे कर्तव्य दिले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की 'कागद सापडत नाही' हे माहिती नाकारण्याचे सोपे कारण होऊ शकत नाही. शोध घ्यावा लागेल आणि गरज पडल्यास जबाबदारी निश्चित करावी लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात तर डेटाभंगाच्या व्याख्येत डेटा नष्ट होणे आणि तो हाताशी न राहणे यांचाही समावेश आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लाभार्थ्यांच्या यादीसह बंद पडलेली डिस्क यापुढे निव्वळ दुर्दैव म्हणून सोडून देता येणार नाही.

कागदाच्या युगात हे कर्तव्य कलमांत नव्हते तरी माणसांत होते. महाराष्ट्रातल्या महसुली कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत आहे. कोणता कागद चालू, कोणता प्रतीक्षेत, कोणता अभिलेख कक्षात जायचा आणि कोणता नष्ट करायचा, हे लिपिकाला टेबलावरच ठरवावे लागते. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. 'अ' म्हणजे कायमचा. लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर मात्र 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' आणि 'फायनल फायनल' असे वर्ग असतात, आणि त्यातला 'अ' कोणता हे फक्त एका माणसाला ठाऊक असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद दोन शतकांनंतरही वाचता येतात, याचे श्रेय कागदाइतकेच ते बांधून, क्रमाने लावून ठेवणाऱ्यांनाही आहे. अर्थात मोडी वाचणारेच कमी उरले, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू. तिचेही संगणकीय रूप मी पाहिले आहे. जुन्या डिस्कवरून फायली सहीसलामत निघाल्या, पण त्या युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये होत्या, आणि तो फॉन्ट कोणाकडेच नव्हता. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी तेवढी दिसत होती.

बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाला हे दूरचे वाटू नये. गावाकडच्या जमिनीचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज भोपाळ किंवा बंगळूरमध्ये बसून काढता येतो, कारण तो सर्व्हरवर आहे आणि त्याच्या प्रती राखल्या जातात. परंतु सातबाऱ्यावर नोंद पोहोचण्यापूर्वीचा प्रवास, म्हणजे पंचनामा, मोजणीच्या वेळची छायाचित्रे, हरकतींचे तक्ते, हा कितीदा तरी कोणा एकाच्या लॅपटॉपवरूनच होतो. ई-ऑफिस आल्याने टिपणी आणि आदेश सुरक्षित झाले, याबद्दल राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राला श्रेय दिलेच पाहिजे. पण टिपणी ज्यावर उभी असते ते कच्चे काम अजून बाहेरच आहे. वाद उभा राहतो तेव्हा न्यायालय तेच मागते.

उपायांपैकी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कार्यभार हस्तांतरणाचे प्रपत्र. बदली झालेला अधिकारी आज 'लॅपटॉप एक, चार्जर एक, बॅग एक' अशी सही देतो. त्याखाली आणखी एक ओळ हवी: लॅपटॉपवरील शासकीय फोल्डर अमुक ठिकाणी उतरवले, त्यातील अमुक पाच फायली नव्या अधिकाऱ्याने स्वतः उघडून पाहिल्या, कूटलेखनाची किल्ली सीलबंद पाकिटात जमा केली. उघडून पाहणे महत्त्वाचे. बॅकअप घेतला असे सांगणारे पुष्कळ भेटतात, तो परत उघडून पाहिलेला क्वचित. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २०२३ च्या आदेशाने अधिकाऱ्यांना चार वर्षांनंतर लॅपटॉप स्वतःकडे ठेवता येतो. अट अशी की त्यातील डेटा पुसलेला असावा. पुसण्याची काळजी घेतली गेली हे ठीकच. पुसण्याआधी काय उतरवायचे आणि कोणाच्या सहीने, हे मात्र बहुतेक कार्यालयांत ठरलेले नसते.

दुसरी अडचण पैशांची आहे. प्रयोगशाळेतून डेटा परत मिळवण्याचा खर्च जुन्या लॅपटॉपच्या घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो. मग लेखापरीक्षक विचारतो, की दोन हजारांच्या वस्तूच्या दुरुस्तीवर वीस हजार कसे खर्चले? त्याच्या दृष्टीने प्रश्न बिनचूक आहे, कारण त्याच्यासमोर डेडस्टॉक रजिस्टरच असते. हा खर्च दुरुस्तीचा नसून अभिलेख जतनाचा आहे असे मानून जिल्हा स्तरावर त्याचे अधिकार द्यावेत. खरेदीच्या वेळीच करारात एक अट घालावी, की हमी काळात डिस्क बदलून मिळाली तरी बिघडलेली डिस्क कार्यालयाकडेच राहील. अन्यथा नवी डिस्क फुकट मिळते आणि जुनी, नागरिकांच्या आधार क्रमांकांसह आणि बँक खात्यांसह, पुरवठादाराच्या गोदामात जाते. पुष्कळ पुरवठादार थोड्या जादा पैशांत ही अट मान्य करतात. मागणारे कमी आहेत.

हे सारे मी एका बैठकीत मांडले तेव्हा एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला. लॅपटॉपवर माणसाचे घरचे फोटो असतात, मुलीच्या लग्नाचा हिशेब असतो, राजीनाम्याचा न पाठवलेला मसुदाही असतो. तो उतरवून घेण्याचा अधिकार कार्यालयाला कोणी दिला? आक्षेप रास्त होता. म्हणूनच संपूर्ण डिस्क नव्हे, तर फक्त शासकीय कामाचा एक फोल्डर असा आग्रह मी धरला, आणि तो फोल्डर कोणता हे लॅपटॉप हाती देतानाच ठरवून लेखी कळवावे, असे सुचवले. बैठकीच्या इतिवृत्तात ते 'तपासून पाहावे' या शेऱ्यासह आले आहे. इतिवृत्त ई-ऑफिसवर असल्यामुळे ते हरवण्याची शक्यता नाही.